एका फळीवर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. सहा महिने मुलीकडे अमेरिकेत राहून परत वाईला आले, त्याला आता तीन महिने होतील. घर झाडून-पुसून झालं, बंद पडलेली पाण्याची मोटर दुरुस्त झाली, कढीपत्त्याचं झाड तगलं होतं, तुळस मात्र गेली होती ती नवीन लावली. आणि आल्या दिवसापासून ज्याचा फोन येतो तो एकच प्रश्न विचारतो. "काय हो, तिकडेच का नाही राहिलात? आता इथे कोण आहे तुमचं?"

प्रश्न प्रेमापोटी असतो हे मला कळतं. पण नणंदेला एक उत्तर, भाच्यांना दुसरं, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना तिसरं, असं देऊन देऊन मी दमले. म्हणून म्हटलं, एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकावं. फक्त त्यासाठी आधी माझ्या नातीची आणि तिच्या पाण्यावरच्या फळीची गोष्ट सांगावी लागेल. शाळेत असताना मुलं कुजबुजायची, "बाई विषय सोडून बोलतात." बाई विषय सोडत नसत बरं का, जरा लांबून येत असत. आजही तसंच समजा.

मुलगी राहते ते राज्य म्हणजे मिनेसोटा. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच लिहिलेलं असतं, दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणून. हिवाळ्यात ही तळी इतकी गोठतात की लोक त्यांच्यावर गाड्या नेतात. आणि उन्हाळा आला की तीच माणसं, जणू वर्षभराची उधारी वसूल करायची आहे अशी, दिवसभर पाण्यात. कुणी होडीत, कुणी गळ टाकून बसलेलं, तर कुणी बोटीमागे दोर धरून पाण्यावरून घसरत चाललेलं. या शेवटच्या प्रकाराला वॉटर स्कीइंग म्हणतात. पायांत दोन लांब फळ्या, हातात दोराचं हँडल, आणि पुढे जोरात पळणारी बोट. पाहताना वाटतं माणूस पाण्यावर उभा आहे. खरं म्हणजे तो उभा असतो वेगावर. बोट थांबली की हा बुडाला (म्हणजे गळ्यापर्यंत, अंगात लाइफ जॅकेट असतं).

माझी नात बारा वर्षांची. दोन फळ्यांवर ती गेले दोन उन्हाळे छान चालत होती. या वर्षी तिच्या मनाने घेतलं की एका फळीवर करायचं. एका फळीच्या या प्रकाराला स्लॅलम म्हणतात. शब्द मुळात नॉर्वेतला, बर्फावरचा. 'स्ला' म्हणजे उतार आणि 'लोम' म्हणजे माग. उतारावरचा माग. पाण्याला उतार कुठून येणार? पण शब्द आला तो आलाच. भाषा शिकवणाऱ्या बाईला हे ऐकून जेवढा आनंद झाला तेवढा घरात दुसऱ्या कुणाला झाला नाही, हेही सांगून ठेवते.

जावयांचे एक ओळखीचे गृहस्थ आहेत, माझ्याच वयाचे, पंचाहत्तरीच्या आसपासचे. त्यांचं घर तळ्याकाठी, आणि स्वतःची बोट. आजूबाजूच्या किती मुलांना त्यांनी हे शिकवलं असेल त्याची गणती नाही. पैसे घेत नाहीत. मी त्यांना मनातल्या मनात 'बोटवाले आजोबा' असं नाव ठेवलं होतं. माझं इंग्रजी मराठी माध्यमाच्या बी.ए.चं, त्यांचं बोलणं तोंडातल्या तोंडात. तरी पहिल्या शनिवारीच मला कळलं की हा माणूस हाडाचा मास्तर आहे. कारण ते मुलीच्या तोंडाकडे बघत नव्हते, तिच्या पायांकडे बघत होते.

मला वाटलं होतं, मी काठावर खुर्ची टाकून बसेन आणि मटारची शेंग सोलल्यासारखा दिवस जाईल. पण बोटवाल्या आजोबांनी मला बोटीत बोलावलं. तिथल्या कायद्याप्रमाणे मागे कुणाला ओढत न्यायचं असेल तर चालवणाऱ्याखेरीज मागे लक्ष ठेवणारं माणूस लागतं, नाहीतर मागचं सगळं दिसेल असा रुंद आरसा तरी लागतो. आरसा होता, पण ते म्हणाले, आरशापेक्षा आजी बरी. तेव्हा मंडळी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी मला अमेरिकेत नोकरी लागली. काम एकच. बोटीच्या उलट्या दिशेला तोंड करून बसायचं आणि नातीवरची नजर काढायची नाही. ती पडली की ओरडून सांगायचं.

खुणाही पाठ केल्या. इंजिनाच्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातांनी. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा. डोक्यावर हाताने थापटलं म्हणजे पुरे, परत घेऊन चला. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडले म्हणजे मी ठीक आहे. आणि पाण्यात थांबून राहायचं असेल तेव्हा फळी उभी धरायची, म्हणजे दुसऱ्या बोटींना तिथे माणूस आहे हे दिसतं. मी छत्तीस वर्षं वर्गात मुलांकडे तोंड करून उभी होते. गाडी पुढे चाललेली आणि आपण मागच्या मुलांकडे बघतोय, या कामाची मला सवय होती म्हणायची.

एका फळीवर जायचे दोन मार्ग. एक म्हणजे खोल पाण्यातून थेट एकाच फळीवर उठायचं. ते अवघड. दुसरा मार्ग म्हणजे नेहमीसारखं दोन फळ्यांवर उठायचं आणि चालू वेगात एक फळी पायातून सोडून द्यायची. ती लाकडासारखी तरंगत राहते, नंतर जाऊन उचलून आणायची. मोकळा झालेला पाय मग पहिल्या पायाच्या मागे, त्याच फळीवरच्या पट्ट्यात सरकवायचा.

आधी पुढचा पाय कोणता ते ठरवावं लागतं. बोटवाल्या आजोबांनी जावयांना डोळ्याने खुणावलं आणि त्यांनी लेकीला बेसावध असताना मागून हलकेच ढकललं. तोल सावरायला तिने उजवा पाय पुढे टाकला. झालं. उजवा पुढे, डावा मागे. म्हणजे सोडायची फळी डावी. मला ही परीक्षा फार आवडली. विचारलं असतं तर मुलीने विचार करून काहीतरी उत्तर दिलं असतं. शरीराला विचारलं, त्याने खरं सांगितलं.

पहिल्या शनिवारी फळी सोडायची नव्हतीच. दोन फळ्यांवर चालताना डावी फळी पाण्याच्या जरा वर उचलायची, एक-दोन-तीन मोजायचं, परत ठेवायची. ते तिने केलं. दुसऱ्या शनिवारी डाव्या पायाचा रबरी बूट सैल केला आणि सांगितलं, आता सोड.

सात वेळा पडली.

पडणं म्हणजे काय ते मी मागे बघत बसलेली असल्यामुळे अगदी समोरून पाहिलं. बोट ताशी तीसेक किलोमीटरने चाललेली. पोर सरळ उभी. मग ती खाली आपल्या डाव्या पायाकडे बघते. टाच उचलते. त्याच क्षणी डावा खांदा खाली जातो, आणि पाण्याचा एक मोठा फवारा. मी ओरडते, "पडली!" मराठीतच ओरडत होते. बोटवाले आजोबा तेवढा एक मराठी शब्द पहिल्याच दिवशी शिकले.

सातव्या वेळी ती पाण्यात हात जोडायचे विसरली. माझ्या पोटात गोळा आला. मग जोडले, पण चेहरा रडवेला होता. परत येताना घरात दोन पक्ष पडले. जावई म्हणाले, "घाबरायचं नाही. हिंमत करायची आणि सोडून द्यायची फळी. कम ऑन, यू कॅन डू इट." माझी लेक म्हणाली, "कशाला हट्ट करतेस? दोन फळ्यांवर किती छान चालतंय तुझं. पडून कुठे लागलं तर?" एक ढकलणारा आणि एक धरून ठेवणारी. पालकसभेला पस्तीस-चाळीस जोडपी यायची, त्यांत हीच दोन माणसं पुन्हा पुन्हा भेटायची. दोघांचंही प्रेम खरं असतं. आणि दोघंही मुलाच्या तोंडाकडे बघत असतात, पायाकडे कुणीच बघत नाही.

रात्री नात माझ्याजवळ झोपायला आली. तिचं मराठी जरा तिरपं आहे, पण गोड आहे. म्हणाली, "आजी, मी भीत नाहीये. बाबा म्हणतो भीतेस. पण मी भीत नाहीये. माझा पायच निघत नाही."

या वाक्याने मला झोप लागली नाही. वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगा असंच काहीतरी सांगायचा. "बाई, मला येतंय, पण लिहिता येत नाही." आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

पहिलीतल्या मुलांच्या वह्या आठवतात का तुम्हाला? आधी चाररेघी, मग दुरेघी, मग एकरेघी, आणि शेवटी कोरा कागद. नवीन शिक्षिकांना वाटतं की रेघा काढून घेतल्या की मूल शिकतं. तसं नसतं. मुलाचं अक्षर आधी आपल्या आपण उभं राहायला लागतं, रेघेला टेकणं सोडतं, आणि मग रेघ काढली तरी ते पडत नाही. रेघ काढणं हे शेवटचं काम. ते सगळ्यांना दिसतं म्हणून तेच खरं काम वाटतं. त्याच्या आधीचं कुणाला दिसत नाही.

सकाळी मी तिला स्वयंपाकघरात उभी केली. उजवा पाय पुढे, डावा मागे, गुडघे जरा वाकवून, हात दोर धरल्यासारखे समोर. डाव्या पायाखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवला आणि म्हटलं, "मी कागद ओढते. तू पाय उचलायचा नाहीस. कागद फाटता कामा नये." ओढला, टरकन फाटला. दुसरा फाटला, तिसरा फाटला. "का फाटतोय सांग?" तिने विचार केला आणि म्हणाली, "कारण मी त्याच्यावर उभी आहे."

"मग पायही त्याचसाठी निघत नाही ग. तू ज्याच्यावर उभी आहेस तोच पाय उचलायला बघतेस. आधी त्याच्यावरून उतर, मग तो उचल."

मग तिने आपलं सगळं वजन सावकाश उजव्या पायावर नेलं. डावी टाच हलकी झाली, चवडा नुसता टेकलेला राहिला. मी कागद ओढला, तो अलगद निघून आला. पाय होता तिथेच होता. दोघी इतक्या हसलो की लेक वरून खाली आली, काय झालं बघायला. त्या दिवशी घरातली दोन दिवसांची वर्तमानपत्रं संपली.

मी काही फार मोठा शोध लावला नव्हता. पुढच्या वेळी लेकीकरवी बोटवाल्या आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, दोन आठवडे हेच तर सांगतोय मी तिला, वजन, वजन. फक्त त्यांचा शब्द कानाला कळत होता, कागद पायाला कळला.

मधला एक शनिवार वारा फार होता. पाणी खळबळलेलं, त्यामुळे सुट्टी. जावई म्हणाले, "आई, चला तुम्हाला या खेळाचं जन्मस्थान दाखवतो." मिसिसिपी नदी एके ठिकाणी रुंद होऊन तिचंच एक मोठं तळं झालंय, लेक पेपिन. त्याच्या काठी लेक सिटी नावाचं छोटं गाव. गावाच्या पाटीवरच लिहिलंय की वॉटर स्कीइंग इथे जन्माला आलं.

गोष्ट १९२२ सालची. राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा. त्याला वाटलं, बर्फावर फळ्या बांधून घसरता येतं, तर पाण्यावर का नाही? आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधल्या, बुडाला. मग बर्फावरच्या स्की बांधल्या, बुडाला. मग आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा लाकडी फळ्या घेतल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली आणि मधोमध पाय अडकवायला पट्टे ठोकले. खिडक्यांना वापरतात तो शंभर फूट दोर आणला, लोहाराकडून एक लोखंडी कडी करून घेतली, ती हँडल म्हणून. बोट चालवायला भाऊ. तरी कितीतरी वेळा बुडाला, कारण दर वेळी फळीची टोकं पाण्यात घुसायची. शेवटी २ जुलैला त्याने मागे रेलून टोकं पाण्याच्या वर धरली आणि बोट सुरू करायला सांगितली. उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता.

पुढची गोष्ट मला जास्त आवडली. त्याने याचं पेटंट वगैरे काही घेतलं नाही. १९२५ साली फ्रेड वॉलर नावाच्या दुसऱ्याच माणसाने पाण्यावरच्या स्कीचं पेटंट घेतलं. सॅम्युएलसन पुढे टर्की पाळायच्या धंद्यात पडला आणि जग त्याला विसरलं. शेवटी १९६६ साली तिथल्या वॉटर स्की संघटनेने अधिकृतपणे मान्य केलं की पहिला तोच. १९७७ मध्ये तो गेला. नातीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पहिल्या दिवशी त्याला शिकवायला कुणीच नव्हतं?" नव्हतं. "मग त्याला कसं कळलं टोक वर धरायचं?" मी म्हटलं, "बुडून बुडून." ती गप्प झाली. सात वेळा हा आकडा तिला एकदम लहान वाटला असावा.

पुढच्या शनिवारी सकाळी पाणी आरशासारखं होतं. मी माझ्या नोकरीवर रुजू झाले, उलट्या दिशेला तोंड करून. ती पाण्यात उकिडवी बसली, हात सरळ, फळ्यांची टोकं वर. दोर ताणला, बोट निघाली, ती उठली. बोटीमागे पाण्यात शेताच्या बांधासारख्या दोन लाटा उठतात, त्या दोन बांधांच्या मधलं पाणी सपाट असतं. तिथे ती होती. थोडा वेळ नुसतीच चालली. मग मला दिसलं की तिचं उजवं ढोपर जरा जास्त वाकलं. खांदे होते तिथेच. ती खाली बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला कळलं की कागद आता ओढला तर निघेल.

आणि डावी फळी निघाली. तिने काढली असं म्हणवत नाही, ती निघालीच. मागे कुठेतरी पाण्यावर राहून गेली. पोर एका पायावर, दुसरा पाय पाण्याला टेकवत, मग हळूच मागे नेऊन पट्टा चाचपत. मी मोजत होते. अकरा मोजले तेव्हा पाय पट्ट्यात गेला. बत्तीसपर्यंत मोजलं आणि मग मोजायचं विसरले. बोटवाल्या आजोबांनी आरशात बघून हाताने विचारलं, काय? मला इंग्रजी सुचेना, मराठीही सुचेना. अंगठा वर केला, तर ते वेग वाढवायला लागले! घाईघाईने दोन्ही हात हलवून नाही नाही म्हटलं.

संध्याकाळी त्यांच्याकडे जेवणाच्या टेबलावर त्यांनी मीठ-मिरपुडीच्या डब्या आणि बाटल्यांची बुचं मांडून मला खऱ्या स्पर्धेचा स्लॅलम समजावून सांगितला. २५९ मीटर लांबीच्या रस्त्यावर सहा तरंगते गोळे असतात, तीन इकडे, तीन तिकडे, प्रत्येक गोळा मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर दूर. बोट मधून सरळ जाते. मागच्याने एकाच फळीवरून नागमोडी जात सहाही गोळ्यांना बाहेरून वळसा घालायचा. जमलं की पुढच्या वेळी बोटीचा वेग वाढवतात. मोठ्यांच्या स्पर्धेत पुरुषांसाठी ताशी ५८ आणि बायकांसाठी ५५ किलोमीटर ही कमाल मर्यादा. तिथवर पोचलं की मग काय करतात? दोर आखूड करतात. १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२... आणि त्यानंतर ११.२५.

मी डब्या सरकवून बघितल्या. म्हटलं, "अहो, गोळा साडेअकरा मीटरवर आणि दोर सव्वाअकरा. पोचणार कसं?" ते हसले. त्यांनी आपला हात लांब केला, अंग टेबलाबाहेर झोकलं आणि बुचाला बोट लावलं. दोर पुरत नाही तिथे माणसाने आपलं अंग पुरवायचं. भूमितीच्या तासाला हे उदाहरण मिळालं असतं तर किती बरं झालं असतं! आणि पास झालं की पेपर अवघड करायचा, ही पद्धत तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची.

असो. आता मूळ प्रश्नाकडे येते.

जायच्या आदल्या आठवड्यात लेकीने विषय काढला. ती तिथली नागरिक आहे, आईसाठी ग्रीन कार्डचे कागद करता येतात. "आई, तिथे एकटी कशी राहशील? काही झालं तर? मला इथे झोप लागत नाही." तिच्या डोळ्यात पाणी होतं आणि ते खरं होतं. मी लगेच काही बोलले नाही. मला तिचा तळ्याकाठचा आवाजच ऐकू येत होता, "दोन फळ्यांवर किती छान चालतंय तुझं."

तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, ह्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. (ह्यांना फळीची उपमा दिलेली बघून हे पोट धरून हसले असते आणि म्हणाले असते, निदान तरंगणारी तरी म्हण.) पण ह्यांचं आजारपण सहा वर्षांचं होतं. पार्किन्सन हा आजार माणसाला एकदम नेत नाही. पहिल्या वर्षी ह्यांची सही बिघडली, म्हणून बँकेत मी जायला लागले. जन्मात पासबुक भरून घेतलं नव्हतं, ते शिकले. मग लाइटचं बिल, घरपट्टी, मोबाइलवरून गॅसचा नंबर लावणं. मग मोटरीचा फ्यूज. मग रात्री उठून ह्यांना कूस वळवणं आणि नंतर परत झोपी जाणं, हेही शिकावंच लागतं. बाहेरून बघणाऱ्यांना आम्ही दोघं दिसत होतो. आतून रोज थोडं थोडं वजन माझ्या पायावर येत होतं. तेव्हा ते ओझं वाटलं, कधी कधी ह्यांचा रागही आला. पण ज्या दिवशी हे गेले त्या दिवशी मी रडले, खूप रडले, आणि पडले मात्र नाही. तेव्हा लोक म्हणाले, "बाई खंबीर आहेत." मला ते पटलं नव्हतं. मी खंबीर नव्हते. दोन फळ्यांपैकी एक जाण्याच्या आधीच सहा वर्षं मी दुसऱ्या पायावर उतरत होते, एवढंच.

हे मला कळायला मिनेसोटातलं एक तळं लागलं.

म्हणून मी लेकीला सांगितलं, "अगं, मी हिंमत म्हणून एकटी राहत नाहीये, आणि हट्ट म्हणूनही नाही. मी इथे उभी आहे आणि तोल आहे, म्हणून राहतेय. शेजारी किल्ली असते, रोज रात्री आठला तुझा फोन असतो, सकाळी घाटावर चार माणसं भेटतात, दुपारी दोन मुलं शुद्धलेखन शिकायला येतात. ज्या दिवशी पाय थरथरेल त्या दिवशी मीच डोक्यावर थापटेन. तुला खूण माहीत आहे."

ती रडता रडता हसली. मग म्हणाली, "पण बघायला मागे कुणीतरी हवं ना आई?" हवं. ते मात्र मी मान्य केलं. मागे नजर ठेवणारं माणूस असल्याशिवाय कुणी पाण्यात उतरू नये. तेव्हा लेकीच्या आग्रहाने आता दिवाणखान्यात एक कॅमेरा बसला आहे. आरशापेक्षा लेक बरी, पण ती इतक्या लांब, म्हणून सध्या आरसा. मला आधी ते आवडलं नाही. आता मी सकाळी चहा घेताना त्याच्याकडे बघून अंगठा वर करते.

आणि कागद भरायचे की नाही? लेक म्हणते भरून ठेवू, लागतील तेव्हा लागतील. त्यावर आमचा विचार चालू आहे. दोन फळ्यांवर परत येण्यात काही कमीपणा नाही, नातसुद्धा दमली की दोन फळ्या मागून घेते. फक्त ते दमल्यावर. आधीपासून नाही.

नातीचं खोल पाण्यातून एकाच फळीवर उठणं राहूनच गेलं. ऑगस्टभर प्रयत्न केला. ती उठायची घाई करते, बोटीने उठवायच्या आधीच हात वाकवून दोर ओढते, आणि टोक वळून पडते. मग थंडी पडायला लागली, बोट पाण्याबाहेर काढली. आता ते तळं दगडासारखं झालं आहे. परवा फोनवर म्हणाली, "आजी, जूनमध्ये जमवणार." मी म्हटलं, जमव. तोवर स्वयंपाकघर आहेच, आणि वर्तमानपत्रंही आहेत.

तर मंडळी, हे उत्तर. थोडं लांबलं, पण आता पुढच्या फोनवर कृपया "तिकडेच का नाही राहिलात" असं विचारू नका. दुसरं काहीतरी विचारा. ओली हळद बाजारात आली आहे, परवाच दोन किलो आणून लोणचं घातलं. ते मुरलं का, असं विचारा. ज्यांना बरणी हवी असेल त्यांनी आधी कळवा, गेल्या वर्षी पुरलं नव्हतं.